काठ, दिनांक १९ मे

नियम साधा आहे: पाण्याच्या काठापासून तीस मीटर
काही बांधायचं नाही.
काठ म्हणजे काय, ते नियमात लिहिलेलं नाही.

म्हणून आर्किटेक्ट टिपणीसांनी मोजणी मागितली मे महिन्यात.
एकोणीस तारीख, सकाळचे अकरा.
घोडबंदर रोडवरून आत, मेट्रोच्या खांबांमागे
देवखोल तळं,
ताटात उरलेल्या आमटीएवढं.

यंत्राला छत्री. मला टोपी.
हसुराम मढवी चपला हातात घेऊन
प्रिझमच्या काठीसकट चिखलात उतरले.
साखळी ओढण्यापासून नोकरी सुरू केलेली,
साखळ्या भंगारात गेल्या, हजेरीपटावर ते अजून 'चेनमन'.
"पुढे," टिपणीस म्हणाले, "अजून. पाणी लागेपर्यंत."

पाणी लागलं. मी आकडा घेतला.
काठ पडद्यावर उमटला,
दशांश चिन्हानंतर तीन घरं अचूक.

हसुराम परत फिरले ते यंत्रापाशी थांबलेच नाहीत.
झुडपं ओलांडून, विसर्जनाच्या जुन्या पायरीवरून वर,
भेंडीच्या झाडाखाली जाऊन त्यांनी काठी रोवली.
मला वाटलं, सावलीला गेले.
"मॅडम, हितला पन आकडा घ्या."
बुंध्यावर कमरेच्या उंचीला
वाळक्या शेवाळाचा पट्टा,
सालीच्या भेगेत नखाएवढ्या शिंपल्या.
"भादव्यान पानी हितं असतं."

दोन काठांमधलं अंतर सत्त्याऐंशी मीटर.
त्या सत्त्याऐंशी मीटरांत, मंजुरीच्या नकाशावर,
दोन टॉवर, एक योगा लॉन,
आणि लहान मुलांसाठी उथळ तलाव.

टिपणीस हसले. माणूस वाईट नाही,
माझ्या वडिलांच्या ऑपरेशनला रक्तदाता त्यांनीच शोधला.
"झाडाची साक्ष फाईलला लागत नाही," म्हणाले.
खरंच आहे. फाईलला लागतो सातबारा,
अग्निशमनचा दाखला, मग एकेका खात्याचं
ना हरकत, ना हरकत, ना हरकत.
मोठ्याने वाचत गेलं की
कुणी दमलेला माणूस नुसती मान हलवतोय असं वाटतं.

मी कुठे राहते तेही सांगून टाकते.
'सरोवर हाइट्स', सातवा मजला, वीस वर्षांचं कर्ज.
खाली पार्किंगमध्ये पंप आहे,
जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत चोवीस तास चालतो.
सोसायटीच्या सभेत दरवर्षी विषय क्रमांक चार:
पंपाचं वीजबिल.
पाणी येतं कुठून, हा विषय अजून क्रमांकावर आलेला नाही.
रात्री लिफ्ट थांबली की ऐकू येतं,
खाली कुणीतरी घसा साफ करतंय,
आता बोलणार बहुतेक,
पण बोलत नाही.
आमचंही तळं कुणीतरी मोजलं असेल.
मे महिन्यातच.

सोमवारी शेरा लिहायचा होता. चौकट दोन इंचांची.
"मोजणी अर्जदाराच्या उपस्थितीत झाली," एवढं लिहिलं
आणि पेन थांबलं.
शेजारच्या टेबलावर कुणी कैरी कापत होतं.
मग लिहिलं:
"मोजणीच्या दिवशी तळे जागेवर हजर नव्हते.
भाद्रपदात फेरमोजणी करावी."

तिसऱ्या दिवशी फाईल परत आली.
वाटलं, आता बोलावणं येणार.
साहेबांनी 'भाद्रपदात'खाली लाल रेघ मारून
बाजूला एवढंच लिहिलेलं:
इंग्रजी महिना नमूद करावा.

हसुरामांना विचारलं. ते दारात उभे होते,
टपालाचा गठ्ठा काखेत.
त्यांनी अंगठा पेरांवरून फिरवला,
एकदा चुकले, पुन्हा मोजलं.

"सप्टेंबर लिवा, मॅडम.
तीस तारखेपरत हाय मी कामाव."